सुट्टीतलं काम आणि चिठ्ठीत निघालेलं नाव

शाळेच्या पुस्तकांचा हंगाम सुरू झाला की इंदूरच्या खजुरी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पालक काउंटरवर यादी पुढे करतात. आत सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा ती वाचत फळीवरून पुस्तकं उतरवतो, वह्या मोजतो, गठ्ठ्याला सुतळी बांधतो. भूगोलाचं पुस्तक राहून गेलं की गिऱ्हाइकाची बोलणी त्यालाच खावी लागतात, आणि उलट न बोलता ते पुस्तक शोधून आणावं लागतं. असा मुलगा बहुधा ओळखीने लागलेला असतो. मामांचे मित्र, काकांचे शेठ, शेजारच्या वहिनींचे भाऊ, कोणीतरी शब्द टाकलेला असतो. रामबागेत काय किंवा सुदामानगरात काय, आपल्या मराठी घरांतही सुट्टीतलं काम बरेचदा असंच मिळतं.

अशा एक-दोन महिन्यांनी मुलाच्या आयुष्यात काही बदलतं का? घरातली वडीलमंडळी ठामपणे ‘हो’ म्हणतील. पण हे तपासायचं कसं? काम केलेली मुलं आणि घरी बसलेली मुलं यांची नुसती तुलना करून भागत नाही. ज्याला काम मिळतं त्याच्या पाठीशी आधीपासूनच माणसं असतात. पुढे त्याचं भलं झालं, तर श्रेय कामाला द्यायचं की मामांना?

अमेरिकेतल्या काही मोठ्या शहरांत हा गुंता सुटला. तिथे गरीब वस्त्यांतल्या मुलांना उन्हाळ्यात सरकारी पैशातून पगारी काम दिलं जातं. न्यूयॉर्कमधली अशी योजना १९६३ पासूनची आहे. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून संगणकावर चिठ्ठ्या काढल्या जातात. नाव निघालेली आणि न निघालेली मुलं घर, वस्ती, अभ्यास, स्वभाव या बाबतींत सरासरीने सारखीच असतात. नंतर त्यांच्यात जो फरक दिसतो, तो त्या कामामुळेच पडला असं म्हणता येतं. नवं औषध तपासायची पद्धतही हीच.

शिकागोत २०१२ साली हिंसाचाराने ग्रासलेल्या भागांतल्या १३ शाळांमधली १,६३४ मुलं-मुली अशा चाचणीत होती. नाव निघालेल्यांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनावर काम मिळालं: लहान मुलांची शिबिरं, सार्वजनिक बागा, नगरसेवकांची कार्यालयं. शिवाय अडीअडचणीला हाक मारता येईल असं एक मोठं माणूस सोबत होतं. संशोधक सारा हेलर यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या, म्हणजे शंभर मुलांमागे सुमारे चार अटका कमी. चोरी किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत दिसली. मुलं कामात अडकली म्हणून मारामाऱ्या टळल्या, एवढंच कारण असतं तर सुट्टी संपताच सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. काही मुलांचे आठवड्यातले १० तास कामाऐवजी राग आवरण्याच्या, भावना ओळखण्याच्या वर्गांना दिले होते. त्यांचा आणि फक्त काम करणाऱ्यांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. कोणी बोललं तरी डोकं शांत ठेवणं, वेळेवर हजर राहणं, चूक झाली की ‘आत्ता दुरुस्त करतो’ म्हणणं, हे बहुधा कामातच अंगवळणी पडत असावं. कारणाचा हा अंदाज आहे, घट मात्र मोजलेली आहे.

न्यूयॉर्कमध्ये २००५ ते २००८ या वर्षांतल्या सुमारे तीन लाख अर्जदारांचा पुढे माग काढला गेला. नाव निघालेल्यांत तुरुंगात जाण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी आणि अकाली मृत्यूचं जवळपास अठरा टक्क्यांनी कमी होतं. कोवळ्या वयातले मृत्यू मुळात थोडे, तरीही टळलेला प्रत्येक मृत्यू म्हणजे एक जिवंत मुलगा किंवा मुलगी. मात्र पुढच्या तीन वर्षांत त्यांची कमाई वाढली नाही, उलट किंचित घटली. कॉलेजात जाण्याचं प्रमाणही वाढलं नाही. सुट्टीतलं काम म्हणजे पुढच्या नोकरीची पायरी, असं आपण सहज म्हणतो. न्यूयॉर्कच्या आकड्यांतून तसं दिसत नाही. बॉस्टनमध्ये मात्र वेळेत शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. न्यूयॉर्कच्याच आणखी एका अभ्यासात, आधी शाळा बुडवणाऱ्या सोळा वर्षांवरच्या मुलांची हजेरी सर्वांत जास्त सुधारली.

थोडक्यात, ज्यांचं पाऊल घसरण्याची भीती जास्त, त्यांनाच हे काम सावरतं. आणि आपल्याकडे नेमक्या याच मुलांसाठी शब्द टाकणारं कोणी नसतं. ज्या घरातले वडील बेलदारी करतात, आई चार घरची कामं करते, त्या मुलासाठी दुकानदाराकडे कोण जाणार?

सरकारी योजना आहेत, पण वयात अडतात. मध्य प्रदेशची २०२३ ची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना १८ ते २९ वयासाठी, तर पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली ती २१ ते २४ साठी. अकरावी-बारावीतला मुलगा दोन्हींबाहेर राहतो. कायदा मात्र त्याच्या आड येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक नसलेलं काम देता येतं. अट अशी की विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर तासभर सुट्टी, आठवड्याला एक दिवस रजा, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद. म्हणजे सराफा बाजारात रात्री लागणाऱ्या खाऊच्या गाड्यांवर त्याला कामाला ठेवता येत नाही. दिवसाच्या पुस्तकांच्या किंवा कापडाच्या दुकानात ठेवता येतं.

इंदुरात गणेश मंडळं आहेत, मराठी समाजाच्या संस्था आहेत, सभासदांत दुकानदारही आहेत. पंचवीस-तीस जागा गोळा करणं त्यांना जड नाही. वस्त्यांतल्या शाळांमधून अर्ज मागवावेत, वशिला चालणार नाही हे आधीच सांगावं, आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात. नाव न निघालेल्यांची यादीही जपून ठेवावी. वर्षभराने पालकांच्या संमतीने शाळेतून दोन्ही याद्यांची हजेरी मागवावी. तीस मुलांवरून शिकागोसारखा निष्कर्ष निघणार नाही, पण चार-पाच वर्षांच्या याद्या साठल्या की इंदूरच्या मुलांबद्दल इंदूरच्याच आकड्यांवरून बोलता येईल.