मुक्त खेळाडू पद्धती (बेसबॉल)

मुक्त खेळाडू पद्धती : ज्याच्या सेवेवर कोणत्याही क्लबचा करारान्वये हक्क उरलेला नाही आणि जो स्वतःच्या पसंतीच्या क्लबशी नवा करार करू शकतो, अशा व्यावसायिक बेसबॉलपटूला मुक्त खेळाडू किंवा ‘फ्री एजंट’ म्हणतात. अमेरिका व कॅनडातील ३० क्लबांच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अशा खेळाडूंची खरेदी आणि तिच्याभोवतीची संघबांधणी मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या खेळ बंद असलेल्या काळात चालते.

संज्ञेचा वापर सैल आहे. सहा वर्षांची सेवा पुरी करून मोकळा झालेला खेळाडू हा तिचा काटेकोर अर्थ. परंतु क्लबने सोडून दिलेला खेळाडू आणि नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी पाळीपाळीने करायच्या निवडीत) न निवडला गेलेला नवशिका यांनाही तोच शब्द लावतात. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने रिंकू सिंग व दिनेश पटेल या भारतीय भालाफेकपटूंना घेतले, ते या शेवटच्या अर्थाने. आयपीएलच्या लिलावाशी तुलना वरवरचीच ठरते. तेथे खेळाडू बोलीवर चढतो, हातोडा पडला की त्याचा संघ ठरतो आणि प्रत्येक संघाची थैली मोजून दिलेली असते. येथे बोलणी खेळाडूच्या दलालामार्फत बंद दाराआड होतात, शेवटची निवड खेळाडूची असते, आणि खर्चाला कमाल मर्यादा नाही. जादा खर्चावर कर आहे.

राखीव कलम : या पद्धतीचा पूर्वेतिहास म्हणजे राखीव कलमाचा इतिहास. सप्टेंबर १८७९ च्या अखेरीस नॅशनल लीगच्या क्लबमालकांनी बफेलो येथे प्रत्येकी पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवण्याचा आणि एकमेकांच्या राखीव खेळाडूंना हात न लावण्याचा समझोता केला. कल्पना कोणाची, हा जुना वाद आहे. बॉस्टन क्लबचे आर्थर सोडन यांना श्रेय देण्याची परंपरा आहे. त्यांचे जॉर्ज राइट व जिम ओरूर्क हे खेळाडू त्याच वर्षी प्रॉव्हिडन्सकडे गेले आणि विजेतेपदही प्रॉव्हिडन्सलाच मिळाले, हा परिस्थितिजन्य पुरावा त्या बाजूने पडतो. मात्र वेतनाचा बोजा सगळ्याच क्लबांना जड जात होता आणि सर्वांच्या संमतीवाचून असा समझोता आठवडाभरही टिकला नसता. तेव्हा त्याचा उगम एका माणसाच्या डोक्यात शोधण्यात फारसे हशील नाही. राखीव खेळाडूंची संख्या १८८३ पर्यंत ११ झाली, पुढे ती वाढतच गेली, आणि १८८७ च्या सुमारास हे बंधन मालकांच्या आपसातील समझोत्यातून उचलून खेळाडूच्या करारपत्रात आले.

पुढील सर्व वाद या करारपत्रातील भाषेवर झाले. विसाव्या शतकातील प्रमाण करारातील कलम १०(अ) असे : खेळाडूने नव्या वर्षाच्या करारावर सही केली नाही, तर क्लबला तोच करार ‘त्याच अटींवर एक वर्षासाठी’ वाढवता येईल. मालकांचे म्हणणे असे की ‘त्याच अटी’ यांत वाढ करण्याची अटही आलीच, म्हणजे करार दरवर्षी पुन्हा वाढवता येतो आणि खेळाडू निवृत्तीपर्यंत बांधला जातो. खेळाडूंच्या बाजूने अर्थ साधा होता : एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. हा प्रश्न जवळजवळ नव्वद वर्षे कसाला लागला नाही, कारण सही न करता अख्खा हंगाम खेळून दाखवणारा खेळाडू मिळत नव्हता. सेंट लुईसचा टेड सिमन्स १९७२ मध्ये सही न करता खेळू लागला; हंगाम अर्ध्यावर असताना त्याला घसघशीत करार देण्यात आला. १९७४ मध्ये बॉबी टोलनच्या बाबतीतही प्रकरण हंगामाच्या शेवटी मिटवले गेले. मालकांना आपल्या अर्थाची खात्री किती होती, हे या घाईवरून कळते.

लोकप्रिय लेखनात या पद्धतीचे जनकत्व कर्ट फ्लड याला दिले जाते. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसने त्याची फिलाडेल्फियाशी अदलाबदल केली; त्याने जाण्यास नकार दिला आणि मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. बेसबॉलला त्या कायद्यातून १९२२ च्या निकालाने सूट मिळाली होती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट विसंगत असल्याचे मान्य करूनही ५ विरुद्ध ३ मतांनी ती कायम ठेवली. फ्लड हरला, आणि त्याची कारकीर्दही संपली. त्याचे नैतिक महत्त्व निर्विवाद असले, तरी कार्यकारणाचा धागा दुसरीकडे आहे. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने १९७० च्या सामूहिक करारात तक्रारी तटस्थ लवादापुढे नेण्याची तरतूद मिळवली होती. दरवाजा उघडला तो तिने.

त्याची पहिली चुणूक डिसेंबर १९७४ मध्ये दिसली. ओकलंडच्या मालकाने कॅटफिश हंटरच्या वार्षिकीचे ५०,००० डॉलर करारानुसार भरले नाहीत, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी त्याला मोकळे केले आणि न्यूयॉर्क यांकीजने त्याला पाच वर्षांसाठी घेतले. ही रक्कम वेगवेगळ्या ठिकाणी ३२ ते ३७ लाख डॉलरांच्या दरम्यान दिलेली आढळते. हे करारभंगाचे प्रकरण होते, राखीव कलमाचे नव्हे. तरी खुल्या बाजारात एका चेंडूफेक्याची किंमत काय येते, हे सर्वांना कळले.

खरा निकाल २३ डिसेंबर १९७५ चा. लॉस एंजेलिस डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ सहीविना पूर्ण हंगाम खेळला. अदलाबदलीस नकार देण्याचा हक्क ही त्याची मूळ मागणी होती. माँट्रिऑलच्या डेव्ह मॅकनॅलीने जूनमध्येच खेळ सोडला होता, तरी त्याने सही केली नव्हती. मेसरस्मिथ ऐनवेळी फुटला तर दावा उभा राहावा म्हणून संघटनेने मॅकनॅलीचे नाव जोडून घेतले. साइट्झ यांनी कलमातील वर्ष एकच धरले. मालकांनी त्यांना तत्काळ काढून टाकले, पण केंद्रीय न्यायालयांनी निकाल उचलून धरला.

यानंतरची सहा वर्षांची अट मालकांनी लादली, अशी समजूत आढळते. वस्तुतः ती मिलर यांच्याही सोयीची होती. सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे झाले तर पुरवठा मागणीहून फुगेल आणि भाव कोसळेल, हे त्यांनी ओळखले होते. ओकलंडचे चार्ल्स फिन्ली यांनी नेमके तेच सुचवले होते. इतर मालकांनी ते हसण्यावारी नेले. जुलै १९७६ च्या करारात सहा वर्षे निश्चित झाली. १९८१ चा ५० दिवसांचा संप, १९८५-८७ मध्ये मालकांनी संगनमताने बोली न लावणे व त्यापायी द्यावी लागलेली २८ कोटी डॉलरची भरपाई, १९९४-९५ चा संप, ही सर्व याच हक्काची पुढची भांडणे होत.

सेवाकाल : मोजणी दिवसांची असते. हंगाम सुमारे १८७ दिवसांचा, पण १७२ दिवस मुख्य यादीवर वा तिच्या दुखापत यादीवर काढले की एक वर्ष धरतात. नोंद ‘५.१७१’ अशी होते : पाच वर्षे १७१ दिवस, म्हणजे मुक्तीला एक दिवस कमी. त्यामुळे होतकरू खेळाडूला हंगामाच्या आरंभी दोन-तीन आठवडे दुय्यम संघात ठेवले की क्लबला त्याचे सातवे वर्ष मिळते. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिल २०१५ रोजी आणले आणि त्याचे १७१ दिवस भरले. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. पहिली तीन वर्षे खेळाडू किमान वेतनाच्या आसपास असतो (२०२६ मध्ये ७ लाख ८० हजार डॉलर). पुढील तीन वर्षे वेतन-लवादाची. दोन ते तीन वर्षे सेवा झालेल्यांतील वरचे २२ टक्के खेळाडू एक वर्ष आधीच लवादास पात्र होतात. लवादमंडळ दोन्ही बाजूंनी दिलेल्या आकड्यांपैकी एकच उचलते, मधला काढत नाही. म्हणून फुगवलेला आकडा अंगलट येतो.

हिवाळ्याचा क्रम : जागतिक मालिका (हंगामाची अंतिम लढत) संपताच पात्र खेळाडू मुक्त होतात, मात्र इतर क्लबाच्या करारावर सही पाच दिवसांनंतर करता येते. याच पाच दिवसांत दोन गोष्टी उरकाव्या लागतात. पहिली, दीर्घ म्हणजे ६० दिवसांच्या दुखापत यादीवरील सर्व खेळाडूंना ४० जणांच्या यादीत (सामन्यांसाठीचे २६ आणि हाताशी ठेवलेले इतर) परत घेणे. हंगामात ते मोजले जात नव्हते. आता ती यादी एकाएकी ४३-४४ वर जाते आणि कोणाला तरी वगळावे लागते. दुसरी, आपल्या मुक्त खेळाडूला ‘क्वालिफाइंग ऑफर’ द्यायची की नाही. ती एका वर्षाची असून लीगमधील सर्वाधिक १२५ वेतनांच्या सरासरीइतकी असते : २०१२ मध्ये १ कोटी ३३ लाख, २०२५ च्या हिवाळ्यात २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर. ती खेळाडूला कारकीर्दीत एकदाच देता येते, आणि तो अख्खा हंगाम त्याच क्लबात असावा लागतो. नाकारली तर त्याला घेणाऱ्या क्लबाच्या ड्राफ्टमधील निवडी जातात. जादा खर्चाचा कर भरणाऱ्या क्लबाच्या दोन, शिवाय परदेशी नवोदितांसाठीच्या निधीतून १० लाख डॉलर. मधल्या दर्जाच्या खेळाडूला याचा फटका बसतो, कारण एका ड्राफ्ट निवडीची किंमत त्याच्या भावातून वळती होते.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर दोन मुदती येतात. ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टपासून वाचवायचे तरुण खेळाडू ४० च्या यादीत घालावे लागतात. अठराव्या वर्षी वा त्याआधी करारबद्ध झालेल्यांना पाच हंगाम, इतरांना चार हंगाम सूट असते. न घातलेल्याला दुसरा क्लब डिसेंबरमध्ये एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो, पण पुढचा संपूर्ण हंगाम त्याला २६ जणांत ठेवावे लागते. नाहीतर निम्म्या रकमेत परत देऊ करावे लागते. योहान सांताना १९९९ मध्ये असाच निसटला. दुसरी मुदत लवादपात्र खेळाडूंना करार देऊ करण्याची. ज्याचे अपेक्षित लवाद-वेतन त्याच्या खेळाहून जड वाटते, त्याला सोडतात. हा अंदाज चुकतो तेव्हा चांगलाच चुकतो. कब्जने २०२० मध्ये सोडलेला काइल श्वार्बर मार्च २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून चार वर्षांचे ७ कोटी ९० लाख डॉलर घेऊन गेला.

डिसेंबरमधील ‘विंटर मीटिंग्ज’ (क्लबांच्या वार्षिक बैठका) बातम्यांना खाद्य पुरवतात. परंतु घोषित झालेला प्रत्येक करार ४० मधील एक जागा खातो, आणि जागा मोकळी करण्यासाठी वगळलेल्या खेळाडूचा सात दिवसांत निकाल लावावा लागतो : अदलाबदल, वेव्हर्स (इतर क्लबांना त्याला उचलण्याची मुभा) किंवा सुटका. म्हणूनच ठरलेले करार कधीकधी कित्येक दिवस अघोषित राहतात. ज्याचे तीन ‘ऑप्शन’ हंगाम (ज्यांत क्लबला त्याला मोकळेपणी वर-खाली हलवता येते) संपले आहेत, त्याला वेव्हर्सवर न घालता दुय्यम संघात पाठवता येत नाही. २६ जणांत १३ पेक्षा अधिक चेंडूफेके चालत नाहीत. वर-खाली हलवता येणारे मदतनीस चेंडूफेके नसले तर तीन लांबलेल्या सामन्यांतच यादी अडकते. पाच सुरुवातीचे चेंडूफेके घेऊन थांबलेला क्लब जूनपर्यंत हमखास अडचणीत येतो, हंगामाला आठ-नऊ लागतातच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत दुय्यम लीगच्या करारावर, वसंत शिबिराच्या आमंत्रणासह, अनुभवी खेळाडू घेतात. त्यांना ४० मध्ये जागा लागत नाही. संघबांधणीचा हा स्वस्त भाग वृत्तपत्रांत क्वचितच येतो.

करार आणि कर : करारातील रक्कम हमीची असते, खेळाडू जायबंदी झाला वा सोडला तरी ती द्यावी लागते. वॉशिंग्टनने स्टीव्हन स्ट्रासबर्गला डिसेंबर २०१९ मध्ये सात वर्षांचे २४ कोटी ५० लाख दिले; त्यानंतर तो आठच सामने टाकू शकला. वैद्यकीय तपासणी ही औपचारिकता नसते. कार्लोस कोरिआचा २०२२ च्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षे ३५ कोटींचा, मग न्यूयॉर्क मेट्सशी १२ वर्षे ३१ कोटी ५० लाखांचा सौदा घोट्याच्या जुन्या दुखापतीवरून फिसकटला. अखेर मिनेसोटाने सहा वर्षांचे २० कोटी देऊन त्याला घेतले.

‘स्पर्धा-समतोल कर’ वर्षात दिलेल्या पैशावर नव्हे, तर कराराच्या वार्षिक सरासरीवर आकारतात, आणि त्यात खेळाडूंच्या विमा-निवृत्तिवेतनाचा वाटाही धरतात. नुसती वेतने बेरजेत घेणाऱ्याचा हिशेब येथे चुकतो. २०२६ ची मर्यादा २४ कोटी ४० लाख डॉलर. पहिल्यांदा ओलांडल्यास जादा रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्यांदा ३०, तिसऱ्यांदा व पुढे ५०. शिवाय मर्यादा दोन कोटींहून अधिक ओलांडल्यास त्या वरच्या टप्प्यावर १२ टक्के अधिभार, त्यापुढे तो अधिक. २७ कोटींवर गेलेल्या व तिसऱ्यांदा दोषी ठरलेल्या क्लबाला पहिल्या दोन कोटींवर एक कोटी आणि उरलेल्या ६० लाखांवर ६२ टक्क्यांनी ३७ लाख २० हजार डॉलर भरावे लागतील.

सरासरीच्या या नियमामुळेच करार लांबतात. सॅन दिएगोने तिशीतल्या झँडर बोगार्ट्सला २०२२ मध्ये ११ वर्षांचे २८ कोटी दिले, ते त्याच्याकडून चाळिशीपर्यंत उत्तम खेळाची अपेक्षा म्हणून नव्हे. वर्षे वाढली की सरासरी उतरते. स्थगित वेतनाचेही तसेच. शोहेई ओतानीच्या ७० कोटींपैकी (डॉजर्स, डिसेंबर २०२३) ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळायचे आहेत. त्यामुळे आजच्या किमतीत त्याचे करासाठीचे वार्षिक मूल्य सात कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख ठरते. एका वर्षाने हुआन सोतोने मेट्सकडून घेतलेल्या ७६ कोटी ५० लाखांत स्थगित काही नाही, म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना दोन्ही करारांतील खरे अंतर लपवते. मध्येच करार सोडण्याचा खेळाडूचा हक्क क्लबला महाग पडतो. खेळ चांगला झाला तर तो जातो, बिघडला तर राहतो.

कमी खर्चाच्या क्लबांची रीत वेगळी. ओकलंडने २००१ च्या हिवाळ्यात जेसन जिआम्बी, जॉनी डेमन व जेसन इझरिंगहाउझन गमावले, कोपर दुखावलेल्या यष्टिरक्षक स्कॉट हॅटेबर्गला पहिल्या बेसवर उभे केले, आणि २००२ मध्ये १०३ सामने जिंकले. याचे सारे श्रेय चतुर खरेदीला देण्याची प्रथा आहे; त्या संघाचे टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झिटो हे तिघे चेंडूफेके मात्र घरचे आणि सहा वर्षांच्या आतले, म्हणजे स्वस्त होते.

जपान : जपानी खेळाडूला परदेशी जाण्यासाठी नऊ वर्षे लागतात, त्याआधी त्याचा क्लब त्याला ‘पोस्टिंग’खाली देऊ करू शकतो. बोलणीस ४५ दिवस मिळतात. घेणारा क्लब जपानी क्लबाला करारातील पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढील अडीच कोटींवर १७.५ आणि त्यावरील रकमेवर १५ टक्के देतो. योशिनोबु यामामोतोच्या ३२ कोटी ५० लाखांच्या करारापायी (२०२३) ओरिक्स क्लबाला सुमारे पाच कोटी डॉलर मिळाले. पंचवीस वर्षांखालील खेळाडूंना हा दर लागू नाही. त्यांना दुय्यम लीगच्या करारावरच यावे लागते, आणि ओतानी २०१७ मध्ये तसाच आला होता.