छोटा पॉलिप: जाळायचा की नुसता कापायचा?

कोल्हापुरात कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) होऊन पॉलिप काढला की नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न: "जाळलं न्हाई म्हणताय, मग मुळापासनं निघालं काय?" पॉलिप म्हणजे आतड्यातली मांसल वाढ; त्याला मूळ नसतं. तो मोठ्या आतड्याच्या सर्वांत आतल्या अस्तरात वाढतो. १० मिमीच्या आतले बहुतेक पॉलिप त्याखाली उतरलेलेही नसतात.

बायोप्सीचा चिमटा फार तर ३ मिमीपर्यंत ठीक. पहिल्याच चाव्याला रक्त येतं आणि उरलेला तुकडा दिसेनासा होतो. त्याहून मोठ्याला स्नेअर, म्हणजे तारेचा फास. त्यातून वीज सोडली तर 'हॉट', नाही तर 'कोल्ड'.

विजेने रक्त जागीच थांबतं, पण उष्णता खालच्या थरातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते. काही दिवसांनी खपली पडते आणि पेशंट घरी असताना रक्तस्राव सुरू होतो. कधी दोन आठवड्यांनीही. कोल्डमध्ये रक्त लगेच झिरपतं, डोळ्यांसमोर दिसतं आणि बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप थांबतं. तैवानमध्ये ४,२७० जणांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४ ते १० मिमीच्या पॉलिपनंतर उशिरा रक्तस्राव हॉटमध्ये १.५ टक्के, तर कोल्डमध्ये ०.४ टक्के लोकांना झाला.

कोल्डमध्ये खरं कौशल्य फास टाकण्यात आहे. पॉलिप पडद्यावर घड्याळातल्या पाच-सहाच्या जागी आणायचा, कारण अवजार तिथूनच बाहेर येतं. फास उघडून भिंतीवर दाबायचा, थोडी हवा ओढून घ्यायची, भोवतीचं १-२ मिमी निरोगी अस्तरही आत घ्यायचं आणि हळूहळू आवळायचं. बारीक तार उकडलेल्या अंड्यातून दोरा जावा तशी आरपार जाते. हॉटमध्ये पॉलिप भिंतीपासून उचलून धरतात. इथं उचलला तर कापताच उडून हरवतो. मग तो ओढून जाळीत घ्यायचा आणि जखमेवर पाण्याचा फवारा मारून कडा तपासायच्या.

तार मध्येच अडली तर जास्त मांस अडकलेलं असतं. फास किंचित सैल करून, अलगद उचलून पुन्हा आवळायचा. अशा वेळी विजेच्या पेडलवर पाय देणं धोक्याचं: भिंतीचा खोल थर फासात असेल तर आतड्याला भोक पडू शकतं.

जाड देठाच्या मोठ्या पॉलिपला मात्र वीजच हवी, कारण देठात ठसठशीत धमनी असते. कॅन्सरचा संशय असेल तर निर्णयच वेगळा.

"गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो" म्हणून पॉलिप तसाच ठेवणं आणि वर तो 'विरघळवणारं' चूर्ण घेणं, यात वर्षं वाया जातात. ॲडिनोमा प्रकारचा पॉलिप वेळेत काढला की पुढचा कॅन्सर टळू शकतो.

रिपोर्टमध्ये पॉलिपचा आकार, पद्धत, तो अखंड निघाला की तुकड्यांत, आणि पॅथॉलॉजीला पोचला का, हे लिहिलेलं असावं. पुढची कोलोनोस्कोपी कधी करायची, ते यावर आणि पॅथॉलॉजीच्या निकालावर ठरतं.