टोकियोहून जाताना नऊ तास, परतताना अकरा

टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे ८,२७० किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरीही टोकियोहून उडालेलं विमान नऊ-साडेनऊ तासांत पोहोचतं आणि परतीला अकरा तासांच्या आसपास लागतात.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे परतीच्या विमानाकडे टोकियो आपणहून सरकत यायला हवं, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडतं. त्यामुळे नुसत्या फिरण्याचा फायदा मिळत नाही.

आधी ते ८,२७० कुठून आले ते बघू. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ३६-३७ अंशांच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून सरळ पूर्वेकडे रेघ मारली, तर ती वाट ८,७०० किलोमीटरच्या वर जाते. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो उत्तरेकडे चढत ४८ अंशांपर्यंत जातो आणि मग खाली उतरतो. हीच खरी जवळची वाट. सपाट कागदावर ती उगाच वळसा घेतल्यासारखी दिसते.

वेळेतला फरक मात्र वाऱ्यामुळे पडतो. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडचा भाग यांच्या तापमानातली तफावत आणि पृथ्वीचं फिरणं यांमुळे साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर हा झोत फार जोरदार असतो. कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगभर वाचलं जावं म्हणून त्याने १९२६मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. झालं उलटंच, जपानबाहेर तो फारसा कुणी वाचलाच नाही. मला याची हळहळ वाटते. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली आणि याच वाऱ्यांनी त्यांचे नेम चुकवले, तेव्हा इतरांना त्यांच्या जोराची कल्पना आली.

आता थोडा हिशोब. हवेच्या मानाने विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरू. जाताना वेग होतो १,००० आणि लागतात ८ तास १६ मिनिटं. येताना वेग ८०० आणि वेळ १० तास २० मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही खेपांना मिळून १८ तास २३ मिनिटं पुरली असती. वाऱ्यामुळे १३-१४ मिनिटं जास्तच गेली. जाताना मिळालेला फायदा परतताना पुरता फिटतो आणि वर थोडा तोटा राहतो, कारण विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

म्हणून उड्डाणाआधी त्या दिवसाचे वारे बघून मार्ग आखतात. पूर्वेला जाणारं विमान झोत गाठायला बघतं. परतीचं विमान पुष्कळदा आणखी उत्तरेकडून, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या बाजूने जातं. किलोमीटर थोडे वाढतात, पण विरोधी वारा टळतो आणि विमान टोकियोला लवकर पोहोचतं.