पत्र आपले, पत पत्त्याची

ई-मेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांनी चालते, त्यांचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला, तेव्हा जाळ्यावरची संगणककेंद्रे मोजकी होती आणि पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानण्यात कोणाला धोका दिसत नव्हता. तो भाबडा विश्वास मूळ नियमांत आजही तसाच आहे. म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स हा ई-मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवून पत्र धाडणे एका संध्याकाळचे काम असले, तरी ते इनबॉक्समध्ये पडेल की स्पॅममध्ये, हे बऱ्याच अंशी पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याची (जाळ्यावरच्या त्याच्या आकडी पत्त्याची) आणि डोमेनची (ई-मेलमधल्या @ नंतरच्या नावाची) पत पाहून ठरते.

अशा सर्व्हरवरून धाडलेले माझे पहिलेच पत्र ५५० हा उत्तराचा क्रमांक घेऊन परत आले. चारशेच्या घरातला क्रमांक आला असता तर ‘थोड्या वेळाने पुन्हा या’ असा अर्थ झाला असता आणि सर्व्हरने आपणहून फेऱ्या घातल्या असत्या. ५५० म्हणजे साफ नकार. मला मिळालेला आयपी पत्ता आधीपासूनच स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या एका काळ्या यादीत होता. अशी यादी तपासण्याची रीत मला फार सुंदर वाटते. पत्ता २०३.०.११३.२५ असेल, तर घेणारा सर्व्हर त्याचे आकडे उलटे लावून २५.११३.०.२०३ करतो, त्यापुढे यादीचे डोमेन जोडतो आणि हे नाव डीएनएसला, म्हणजे जाळ्यावरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतो. १२७.०.०.२ असे उत्तर आले की पत्ता यादीत आहे. असे नावच नाही म्हटले, तर नाही.

यादीतून नाव निघाले तरी ओळख पटवावी लागते. आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी उलटी नोंद हवी. कोणत्या पत्त्यांना आपल्या डोमेनची पत्रे पाठवण्याची मुभा आहे, हे एसपीएफ सांगते. डीकेआयएम पत्रावर गुप्त किल्लीने सही करते, तिची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते आणि सही केलेल्या मजकुरातला एक शब्द जरी वाटेत बदलला, तरी ती सही जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या दोन्हींबरोबर डीएमएआरसीची (ओळख न पटलेल्या पत्रांचे काय करायचे ते सांगणारी) नोंदही सक्तीची झाली, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या आत ठेवणेही.

मात्र ओळख म्हणजे पत नव्हे, कारण या नोंदी स्पॅम पाठवणाराही करू शकतो. पत साठते ती नियमित, मागितलेल्या पत्रांनी, आणि इथेच छोट्या सर्व्हरवर अन्याय होतो: आठवड्याला दहा पत्रे पाठवणाऱ्याबद्दल मत बनवण्याइतकी माहितीच मोठ्या सेवांकडे जमत नाही. मी ओळखीच्या लोकांना थोडी थोडी पत्रे पाठवत राहिलो, ती स्पॅममधून बाहेर काढून उत्तर द्या अशी फोन करून विनंती केली, आणि रोज सकाळी लॉगमध्ये २५० हा स्वीकृतीचा क्रमांक शोधत बसलो.