उकरलेली माती, पुसलेली घरे: उपग्रहचित्रे आणि मानवी हक्कांची पार्श्वभूमी

१० ऑगस्ट १९९५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, बंद दाराआडच्या बैठकीत, अमेरिकेच्या राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांनी काही हवाई छायाचित्रे मांडली. बोस्नियातील नोव्हा कासाबा येथे फुटबॉलच्या मैदानावर जमवलेली माणसे त्यांत दिसत होती. नंतरच्या छायाचित्रात माणसे नव्हती, जवळच्या शेतात मात्र नव्याने उकरलेली माती होती. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी केलेल्या, स्रेब्रेनिका या बोस्नियातील शहरातल्या सुमारे आठ हजार पुरुष व मुलग्यांच्या हत्याकांडाचा हा एक सुरुवातीचा पुरावा. पण तो एका सरकारच्या ताब्यात होता. काय, केव्हा आणि कोणाला दाखवायचे हे त्या सरकारनेच ठरवले, आणि तोवर हत्याकांडाला जवळपास महिना होत आला होता.

नागरी उपग्रहचित्रे तेव्हाही होती. १९७२ पासून लँडसॅट ही अमेरिकी उपग्रहमालिका पृथ्वीची चित्रे घेत होती, परंतु चित्रातला एक ठिपका आधी सुमारे ८० आणि १९८२ पासून ३० मीटर जमीन व्यापे; तेवढ्या तपशिलात नदी, जंगल, शेतीचा पट्टा ओळखू येई, घर नाही. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली आणि १९९९ मध्ये इकोनॉस हा उपग्रह सोडला गेला. त्याच्या एक मीटर तपशिलाच्या चित्रात झोपडीचे छप्पर वेगळे दिसू लागले. मानवी हक्कांच्या कामाच्या दृष्टीने खरे वळण हेच, असे मला वाटते.

या वळणाचे मोल झिम्बाब्वेत दिसले. २००५ मध्ये तेथील सरकारने ‘मुरांबात्स्विना’ मोहिमेखाली वस्त्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे सात लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. हरारेजवळची पोर्टा फार्म ही त्यांपैकी एक वस्ती. अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी २००२ आणि २००६ ची चित्रे शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात वाटांच्या कडेने दाटीने उभी असलेली शेकडो छपरे आहेत; दुसऱ्यात त्या जागी मोकळी जमीन आणि जुन्या वाटांच्या पुसट रेषा.

छप्पर दिसले म्हणजे वस्ती कळली, असे मात्र होत नाही. तिचे नाव काय, पाण्याचा नळ कुठे, दवाखाना कोणता, हे तिथे राहणारेच सांगू शकतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाने ती सोय केली. नैरोबीतील किबेरा ही प्रचंड वस्ती नकाशांवर जवळपास कोरीच होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे हातात घेऊन गल्ल्या चालून ती नोंदवली. पुढच्याच वर्षी हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी ताज्या उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत आखून काढले. जी वस्ती नकाशातच नाही ती पाडली गेली तर नुकसान मोजणार कशावरून, हा प्रश्न या कामामागे सतत उभा असतो.

दरम्यान २००८ मध्ये लँडसॅटचा संग्रह विनामूल्य झाला आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रेही सर्वांना मिळू लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्या या मुस्लिम अल्पसंख्याकांची गावे पेटली, तेव्हा उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेच्या खुल्या नोंदींतून आगीची ठिकाणे आधी कळली, आणि पावसाळी ढग हटतील तसतशी चित्रांतून त्यांची खात्री होत गेली. वर्षअखेरीस ह्युमन राइट्स वॉचने पूर्णतः वा अंशतः जळालेली ३५४ गावे मोजली. रोहिंग्यांनी स्वतःच घरे पेटवली, असे सरकार म्हणत होते. पण काही ठिकाणी तर रोहिंग्यांची वस्ती राख झालेली आणि लगतची बौद्ध राखाइन लोकांची वस्ती शाबूत, हे एकाच चित्रात दिसत होते.

आग कोणी लावली हे वरून दिसत नाही, म्हणून चित्राला साक्षीदारांच्या जबानीची जोड लागते. माली देशातील तिंबक्तू या ऐतिहासिक शहरातल्या समाध्या पाडल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये अहमद अल महदीला नऊ वर्षांची शिक्षा दिली, त्या खटल्यात उपग्रहचित्रे होती आणि चित्रफितीही. असे पुरावे कसे जमवावेत, जपावेत आणि तपासावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या बर्कले प्रोटोकॉलने घालून दिली.

त्याच वर्षी चीनमधील शिनजियांग प्रांतात उइघूर व इतर मुस्लिमांना डांबलेल्या बंदिछावण्यांचा शोध उलट्या दिशेने लागला. बायदू या चिनी इंटरनेट कंपनीच्या नकाशावर काही जागा मोठ्या करून पाहिल्या की तिथे फिकट राखाडी चौकोन येत. बझफीड न्यूजसाठी काम करणाऱ्या पत्रकारांनी त्या झाकलेल्या जागांची यादी केली आणि इतर उपग्रहांच्या चित्रांत तीच ठिकाणे उघडून पाहिली. तिथे उंच भिंती आणि पहाऱ्याचे मनोरे होते.