गुटी: औषध की वरचं?

तान्ह्या बाळाला उगाळून चाटवायच्या गुटीचं मूळ बरेच जण काश्यपसंहितेच्या, म्हणजे बाळांच्या आजारांवरच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथाच्या, लेहनाध्यायापर्यंत (चाटणांच्या अध्यायापर्यंत) नेतात. पण तिथलं चाटण सोनं, मध, तुपाचं. पुण्याच्या वाड्यांतली गुटी वेगळी: हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, बदाम, खारीक सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं. कशाचे किती वेढे, म्हणजे सहाणेवर किती फेरे उगाळायचं, हे आजी किंवा सुईण रोज सकाळी बाळाची शी आणि पोट बघून ठरवायची. शी पातळ असेल तर जायफळाचा वेढा जास्त, खडा होत असेल तर हिरड्याचा.

पेच सुरू झाला 2001 मध्ये. 'चार ते सहा महिने' ही स्तनपानाची जागतिक शिफारस 'पूर्ण सहा महिने, निव्वळ' अशी बदलली आणि पुढे आपल्याकडच्या सूचनांतही आली. पाण्याचा थेंबसुद्धा नको. सहाव्या महिन्यात उष्टावण करणाऱ्या घरांना हे जड नव्हतं. अडलं ते गुटीपाशी. याच व्याख्येत औषधाचे आणि जीवनसत्त्वांचे थेंब चालतात. मग गुटी औषध की वरचं, म्हणजे आईच्या दुधाशिवायचं खाणंपिणं? आजीच्या लेखी औषध, अंगणवाडीच्या लेखी वरचं. त्यात 'गुटी' या एकाच शब्दाखाली साखरेच्या पाकातली बाटलीबंद घुटी आली, आणि पुष्य नक्षत्रावर दिलं जाणारं सोन्याचं चाटण, सुवर्णप्राशनही आलं. मनाई झाली ती तिन्हींना सरसकट.

मनाईची कारणं खरी आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमसारखी विषबाधा होऊ शकते. न उकळलेल्या सहाणेवरून जुलाब लागतात. जन्मल्याबरोबर मध चाटवण्यात आईचा चीक मागे पडायचा, ते तर थांबायलाच हवं होतं. पण सहाणेबरोबर रोज बाळाकडे बघणारी आजीची नजरही मोडीत काढली गेली. हा तोटा मला मोठा वाटतो, आणि कुठल्याही सूचनेत त्याचा विचार दिसत नाही.

गुटी मात्र थांबली नाही. वाकड-हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये ती आता तयार पूड म्हणून येते, सगळ्या बाळांना एकाच मापाची, शी न बघता दिलेली.

बाळंतपणाच्या बाकीच्या रीतींपैकी बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी फ्लॅटमध्ये मागे पडली. मालिशला कुणी मोठी हरकत घेतली नाही. मालिशवाल्या मावशी अजून सकाळी येतात, आणि आज बाळाचं पोट कडक लागतंय हे कित्येक घरांत पहिल्यांदा त्याच सांगतात.