निळी, हिरवी, चॉकलेटी अंडी : कोंबड्या निवडण्याआधी थोडं रसायन

बर्ड फ्लूपायी कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्यावर मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला, आणि परसात खुराडं बांधणाऱ्यांची लाट आली. पुढे भाव उतरले, खुराडी मात्र राहिली. कोंबड्या पाळायच्याच तर टोपली रंगीत का असू नये, असा विचार त्यातल्या अनेकांनी केला. आभाळी, शेवाळी, गडद चॉकलेटी अंड्यांचे फोटो फिरू लागले आणि त्यांच्या मागोमाग जुनीच अफवा : निळ्या अंड्यात म्हणे कोलेस्ट्रॉल कमी असतं. हे कधीच तपासून झालेलं आहे. कमी नसतं. टरफलाच्या रंगाचा आतल्या बलकाशी, चवीशी किंवा प्रथिनांशी काही संबंध नाही. रंग हवा तो डोळ्यांना बरं वाटतं म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

हॅचरीच्या (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राच्या) कॅटलॉगातला फोटो बघून पिल्लं मागवली की सहा महिन्यांनी हमखास हिरमोड होतो. तो टाळायचा तर टरफल रंगतं कसं, ते समजून घ्यायला हवं.

बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. पांढरा भाग चढायला सुमारे तीन तास, त्यावरचे पातळ पापुद्रे विणायला तासभर. उरलेले जवळपास वीस तास अंडं कवचग्रंथीत असतं आणि तिथे त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे थर बसतात. हे टरफल मुळात पांढरंच. जगातल्या सगळ्या कोंबड्यांच्या अंड्यांचे रंग फक्त दोन रंगद्रव्यांतून होतात : तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन आणि निळं-हिरवं बिलिव्हर्डिन.

गंमत अशी, की ही दोन्ही द्रव्यं रक्ताला लाल करणाऱ्या हीमची नातलग आहेत. शरीर हीम तयार करतं तेव्हा अगदी शेवटची पायरी म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन. त्यात लोहाचा अणू बसवला की हीम झालं. उलट, जुनं हीम मोडताना त्याचं कडं तुटतं, लोह सुटतं आणि बिलिव्हर्डिन उरतं. मुका मार लागल्यावर चार-पाच दिवसांनी काळंनिळं वळ हिरवट पडतं, तेही याच द्रव्यामुळे. एक द्रव्य हीमच्या जन्माआधीचं, दुसरं मरणानंतरचं, आणि दोन्ही कोंबडीच्या कवचग्रंथीत हाताशी असतात.

फरक पडतो तो ती कधी लागतात यामुळे. बिलिव्हर्डिन टरफल घडत असतानाच थराथरांत मिसळत जातं. तपकिरी द्रव्य बहुतांशी शेवटच्या काही तासांत, बाहेरच्या थरावर आणि त्यावरच्या पातळ साईवर बसतं. कणीक मळतानाच पालकाचा रस घालावा तसा निळा रंग, आणि भाजलेल्या पोळीवर वरून तूप फिरवावं तसा तपकिरी. म्हणून फोडलेल्या अंड्याचं टरफल उलटं करून बघा. आतला पापुद्रा ओला असतानाच नखाने सोला. बाहेरून तपकिरी अंड्याची आतली बाजू पांढरी निघेल. निळ्याची आतूनही निळीच. हिरव्याची आतून निळी निघते, कारण हिरवं असं वेगळं द्रव्यच नाही. निळ्या टरफलावर तपकिरी हात फिरला की हिरवं दिसतं. तपकिरी हात जितका गडद, तितकं अंडं शेवाळी. निवडीची सगळी किल्ली या एका निरीक्षणात आहे.

आता निळ्याकडे. बहुतेक कोंबड्यांच्या टरफलात बिलिव्हर्डिन जवळजवळ नसतंच. काही थोड्या जातींतच का असतं, याचं उत्तर २०१३ मध्ये मिळालं, आणि तेही दोन वेगळ्या संशोधक गटांकडून. कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रावर एसएलसीओ१बी३ नावाचा जनुक आहे. पेशीच्या आवरणातून पित्तातली द्रव्यं आत-बाहेर नेणारं प्रथिन बनवणं हे त्याचं काम, आणि ते काम एरवी चालतं यकृतात. कवचग्रंथीत हा जनुक गप्प असतो. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत मात्र या जनुकाच्या अगदी उंबरठ्यावर ईएव्ही-एचपी नावाच्या रेट्रोव्हायरसचा सुमारे ४,२०० अक्षरांचा तुकडा घुसून बसलेला सापडला. रेट्रोव्हायरस स्वतःची जनुकीय प्रत यजमानाच्या डीएनएत चिकटवतात, आणि त्या प्रतीच्या दोन्ही टोकांना ‘इथून वाचा’ असं सांगणारे नियंत्रक क्रम असतात. या विषाणूचे ते क्रम कवचग्रंथीत जागे होतात आणि शेजारच्या जनुकालाही जागं करतात. यकृताचा हमाल कवचग्रंथीत कामाला लागतो, बिलिव्हर्डिन टरफलात जाऊन बसतं आणि अंडं निळं होतं.

त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे हे एकदाच घडलेलं नाही. चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांतून आलेल्या अरौकाना वंशात आणि चीनच्या डोंगशियांग, लुशी या कोंबड्यांत तोच विषाणू, त्याच जनुकाजवळ, पण किंचित वेगवेगळ्या जागी घुसलेला आहे. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना हा अपघात स्वतंत्रपणे घडला, आणि दोन्हीकडे कुणाला तरी निळं अंडं आवडलं म्हणून तो वंश टिकला. (‘विषाणूवालं अंडं’ म्हणून कुणी घाबरवलं तर सांगावं, की माणसाच्या जनुकसंचाचाही सुमारे आठ टक्के भाग असल्याच जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत.)

हा गुण प्रभावी आहे, म्हणजे जनुकाची एकच प्रत मिळाली तरी दिसतो, हे केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. शाळेत वाटाण्याच्या संकराचे जे चौकोन काढतो, ते यांच्याच नावाचे. निळ्याच्या जनुकाला ओ म्हणू. दोन्ही प्रती ओ असलेला पक्षी कशाशीही जुळवा, सगळ्या लेकी निळी किंवा हिरवी अंडी देतात. एकच प्रत असेल आणि जोडीदाराकडे एकही नसेल, तर निम्म्याच. अमेरिकी हॅचऱ्यांतून ‘ईस्टर एगर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंबड्या अशाच मिश्र असतात. त्यांतली एखादी गुलाबीसर तपकिरी अंडी घालायला लागली, तर हॅचरीने फसवलंच असं नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा त्याच पिल्लांना ‘अमेरिकाना’ म्हणून जास्त भाव लावतात. खरी ॲमेरॉकाना ही प्रमाणित जात वेगळी आहे. तिला अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९८४ मध्ये मान्यता दिली, अरौकानाला १९७६ मध्ये.

या दोघींतून परसासाठी ॲमेरॉकाना घ्यावी. अमेरिकी अरौकानाला शेपटी नसते आणि कानाजवळ पिसांचे झुबके असतात. त्या झुबक्यांचा जनुक दोन्ही आईबापांकडून आला, तर पिल्लू अंड्यातच मरतं. झुबकेवाली जोडी लावली, की चौथा हिस्सा गेलाच. ॲमेरॉकानाला दाढी, कल्ले आणि पूर्ण शेपूट आहे, ही भानगड नाही. शिवाय तिचा तुरा बुटका, वाटाण्यांच्या तीन ओळींसारखा असतो, त्यामुळे मिनेसोटासारख्या थंडीत तो गोठत नाही. या तुऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. त्याचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर ओच्या अगदी जवळ बसतो, म्हणून दोन्ही सहसा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. शंभरात तीन ते पाच वेळाच ताटातूट होते. अंडं न घालणाऱ्या कोंबड्याकडे ओ आहे का, हे या वंशात तुऱ्यावरून बरंचसं ओळखता येतं. पण क्रीम लेगबार या निळी अंडी देणाऱ्या दुसऱ्या जातीत ही खूण चालत नाही, कारण तिथे ओ साध्या, उभ्या तुऱ्याबरोबर जोडलेला आहे. खात्रीच हवी असेल, तर पिसाच्या मुळावरून डीएनए चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत.

निळ्यासाठी पहिली निवड मात्र क्रीम लेगबारच. पनेट आणि त्यांचे सहकारी यांच्याच कामातून ती तयार झाली. अंडी आभाळी, वर्षाला १८०च्या आसपास. मुख्य म्हणजे पिल्लू जन्मताच नर की मादी ते कळतं : मादीच्या पाठीवर ठसठशीत गडद पट्टा, नर फिकट आणि डोक्यावर पांढरट ठिपका. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत कोंबडा पाळायला बंदी असते. इतर जातींची हॅचरीतली लिंगनिवड साधारण ९० टक्केच खरी ठरते, म्हणून ही सोय मोठी आहे. (अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.)

तपकिरीचं गणित निळ्याइतकं सरळ नाही. अनेक जनुक थोडाथोडा हात लावतात, म्हणून छटा हजार. ऱ्होड आयलंड रेड मध्यम तपकिरी, नेदरलँड्सची वेल्समर विटकरी आणि वर ठिपके, फ्रान्सची मरान्स सर्वांत गडद. मरान्सच्या रंगासाठी एक ते नऊ अशी पट्टी आहे, आणि चारच्या खालच्या अंड्याला मरान्सचं म्हणत नाहीत. कॅटलॉगात छापतात ते हंगामातलं पहिलं अंडं. तलंग घालायला लागते तेव्हा रंग सर्वांत दाट असतो. पुढे अंडं मोठं होतं, रंगद्रव्य तेवढंच राहतं, आणि हंगामाच्या शेवटी तीच कोंबडी दूध जास्त घातलेल्या चहाच्या रंगाची अंडी देते. पिसं झडून विसावा मिळाला की रंग पुन्हा दाटतो. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते दोन गोष्टी : आज घातलेल्या अंड्याचा फोटो, आणि बापाच्या आईचं अंडं कसं होतं. बाप अंडं घालत नाही, पण छटेतला त्याचा वाटा आईइतकाच.

शेवाळी अंड्यांच्या ‘ऑलिव्ह एगर’ म्हणजे मरान्स आणि दोन्ही प्रती ओ असलेली निळी जात यांचा संकर. पहिल्या पिढीत सगळ्या हिरव्या. आणखी गडद हवं म्हणून त्यांना पुन्हा मरान्सशी जुळवलं, तर निम्म्या लेकी ओ गमावून नुसत्या तपकिरीवर येतात. दुसऱ्या पिढीची पिल्लं महाग घेताना हे धरून चाला.

टोपलीचा हिशेब वेगळाच चुकतो. प्रत्येक रंगाची एकेक कोंबडी घेतली की टोपली रंगीत होईल असं वाटतं. पण लेगहॉर्न वर्षाला २८०च्या घरात पांढरी अंडी देते आणि मरान्स १६० ते १८०. आठवड्याला पाच-साडेपाच विरुद्ध तीन-साडेतीन. म्हणजे पांढरं जिंकतं. आठ कोंबड्यांचा कळप असेल तर लेगहॉर्न एक, ऱ्होड आयलंड रेड एक, क्रीम लेगबार दोन, मरान्स दोन, ऑलिव्ह एगर एक, वेल्समर एक, असं ठेवलं तर रंग बऱ्यापैकी सम येतात. आत प्रत्येकीला चार चौरस फूट, बाहेर दहा, आणि चार कोंबड्यांमागे एक अंडी घालायची पेटी. लेगहॉर्न भेदरट आणि उडकी असते. कुंपण सहा फुटांचं हवं.

रंग अचानक उतरला, तर दाण्याला दोष देऊ नका. झेंडूच्या पाकळ्या, मका, लसूणघास यांनी बलक केशरी होतो, टरफल नाही. तपकिरी अंडी एकाएकी पांढुरकी पडली तर आधी भीती शोधा : कुत्रा, घार, जागाबदल. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते आणि रंगावर जादा चुन्याचा थर चढतो. दुसरं कारण आजार, विशेषतः श्वसनाचा संसर्गजन्य ब्राँकायटिस. त्यात टरफल सुरकुततंही. तिसरं निकार्बाझिन, हे मांसल कोंबड्यांच्या खाद्यातलं औषध. चुकून ते खाद्य अंड्यांच्या कोंबड्यांना घातलं, की तपकिरी रंग दोन-चार दिवसांत उडतो. अंडी देणाऱ्यांना साडेतीन ते चार टक्के कॅल्शियमचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. पण हेच खाद्य १६ आठवड्यांआधीच्या पिल्लांना दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात.

आपल्याकडे रंगाचा बाजार वेगळा आहे. तपकिरी म्हणजे गावरान, ही समजूत पक्की, म्हणून पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवण्याचे प्रकार होतात. त्यावर लोक लिंबू किंवा व्हिनेगर चोळून पाहतात आणि रंग निघाला की नकली ठरवतात. ही चाचणीच नकली आहे. खरा तपकिरी रंगही वरच्याच थरात असतो आणि आम्लाने तो थर विरघळतो. त्यापेक्षा नोटा तपासायची यूव्ही टॉर्च अंधारात धरावी. प्रोटोपॉर्फिरिन तिच्याखाली लाल चमकतं, चहा चमकत नाही. अर्थात खरं तपकिरी निघालं म्हणून ते गावरान ठरत नाही, पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. आणि कडकनाथ काळं अंडं देते असं सांगून कुणी उतारा-तोडग्यासाठी वा ‘ताकदी’साठी काळी अंडी विकत असेल, तर तिथून निघावं. झाबुआच्या त्या कोंबडीची कातडी, मांस, हाडं काळी असतात. अंडं मलईच्या किंवा फिकट तपकिरी रंगाचं. काळं रंगद्रव्य मेलॅनिन आहे आणि ते टरफलात जात नाही.